बद्धकोष्ठतेचं उपकरण खरंच उपयोगी पडतंय का? घरच्या घरी चाचणी घेण्याची रीत

पोट साफ होत नाही म्हणून चूर्ण, काढे, एरंडेल सगळं करून थकलेला माणूस शेवटी उपकरणांकडे वळतो. कमोडपुढे ठेवायचं स्टूल, एनिमाचा डबा, पाण्याने आतडं धुण्याचा संच, पोटावर बांधायचा पट्टा, विजेचे पॅड, आणि आता तर गिळायची थरथरणारी कॅप्सूलसुद्धा आली आहे. मी सोलापुरात घरोघरी जाऊन रुग्णांची शुश्रूषा करते. अशा वस्तू कपाटावर धूळ खात पडलेल्या मला नेहमी दिसतात. वस्तू वाईटच असते असं नाही. ती ज्या दुखण्यासाठी बनली ते दुखणंच त्या माणसाला नसतं, किंवा तिने गुण येतो की नाही हे कुणी नीट पाहिलेलं नसतं. ‘परवा लावलं आणि काल मोकळं झालं’ एवढ्यावर निकाल लागतो, आणि महिन्याभरात ‘काही उपयोग नाही’ म्हणून ती वस्तू कपाटावर जाते.

हा निकाल दोन्ही वेळा कच्चा असतो. जुनी बद्धकोष्ठता आपसूक कमी-जास्त होत राहते. माणूस खिशात हात घालतो तो सगळ्यात वाईट आठवड्यात, आणि सगळ्यात वाईट आठवड्यानंतरचा आठवडा काहीही न करता बरा जाण्याचीच शक्यता जास्त असते. थरथरणाऱ्या कॅप्सूलची अमेरिकेत मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यात ३१२ रुग्ण होते. साधारण निम्म्यांना खरी कॅप्सूल दिली, उरलेल्यांना दिसायला तशीच पण न थरथरणारी. खरी घेणाऱ्यांपैकी ३९.३ टक्के लोकांना आधी ठरवलेल्या मापाएवढा फरक पडला. पण न थरथरणारी घेणाऱ्यांतही २२.१ टक्के लोकांना तेवढाच फरक पडला! उपकरण काम करत होतं हे खरं, पण शंभरातल्या बावीस जणांना काहीही न करणाऱ्या कॅप्सूलनेही बरं वाटलं. आपल्या घरी तुलनेसाठी खोटं उपकरण नसतं. आपल्याकडे असते ती उपकरण यायच्या आधीची आपलीच नोंद. ती नसेल तर पुढचं काहीच पारखता येत नाही, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर त्या नोंदीवर आहे.

पायरी १: आधी धोक्याची लक्षणं बघा

यात वेळ घालवायचा नाही. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्त कमी असल्याचं निघणं, पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता, जवळच्या नात्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असणं, यातलं काहीही असेल तर उपकरणाचा विचार बाजूला ठेवून तपासणी करून घ्या. रक्त दिसलं की ‘मूळव्याधच असेल’ असं घरच्या घरी ठरवून टाकण्याची आपल्याकडे फार सवय आहे. मूळव्याध असेलही, पण ते डॉक्टरांनी सांगू दे. पोट फुगलंय, उलट्या होताहेत आणि वारासुद्धा सरत नाही, अशी अवस्था असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं पातळ होत असेल तर ते जुलाब आहेत असं समजू नका. आत खडा अडकून बसलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर त्रास दुप्पट होतो.

डॉक्टरांकडे जाताना चालू असलेल्या सगळ्या औषधांची पाकिटं पिशवीत घालून न्या. लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठीचं वेरापामिल, यांनी पोट बांधलं जातं. थायरॉइड मंदावलेला असेल किंवा मधुमेह जुना असेल तरीही तेच. औषध बदलून प्रश्न सुटत असेल तर एवढा खटाटोप करायची गरजच उरत नाही.

पायरी २: आपली बद्धकोष्ठता कोणत्या प्रकारची?

ढोबळमानाने तीन प्रकार. एकात आतड्याचा वेग ठीक असतो, पण शौच कडक होतं. दुसऱ्यात मोठं आतडंच संथ चालतं, मळ पुढे सरकतच नाही. तिसऱ्यात मळ दारापर्यंत येतो, पण दार उघडत नाही: कुंथताना गुदद्वाराचे स्नायू सैल पडायचे तर उलट आवळले जातात. तिसऱ्या प्रकारच्या माणसाला आपण वर्षानुवर्षं रेचकं देत राहतो आणि तो बिचारा संडासात अर्धा-अर्धा तास बसून राहतो.

हा फरक कळला नाही तर चांगलं उपकरणही वाया जातं. त्याचा पुरावा इटलीतल्या एका अभ्यासात आहे. बायोफीडबॅक म्हणजे गुदद्वारात बारीक सेन्सर ठेवून, पडद्यावर स्नायूंची हालचाल बघत ते सैल सोडायला शिकणं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दार न उघडण्याचा त्रास असलेल्यांपैकी ७१ टक्के लोक सहा महिन्यांनी समाधानी होते. फक्त आतडं संथ असलेल्यांत हा आकडा होता ८ टक्के. उपकरण तेच, शिकवणारे तेच, आणि निकालात एवढी तफावत!

प्रकार ओळखायची पहिली तपासणी अगदी साधी आहे. डॉक्टर हातमोजा घालून गुदद्वारात बोट घालून बघतात आणि ‘आता जोर करा’ म्हणतात. स्नायू सैल पडतो की आवळतो हे त्यांना बोटाला कळतं. यंत्र लागत नाही. पण लाजेपोटी रुग्ण नको म्हणतो आणि गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरही सोडून देतात. तुम्ही स्वतः म्हणा, ‘डॉक्टर, बोटाने तपासून बघता का?’ बायकांनी महिला डॉक्टर किंवा सोबत सिस्टर मागायला अजिबात संकोचू नये, तो आपला हक्क आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या आज्ज्यांना मराठीपेक्षा तेलुगूत सांगणं सोपं जात असेल तर तेलुगू बोलणारं कुणीतरी सोबत न्या. नेमकं कुठे अडतं हे नीट सांगता आलं की अर्धं निदान तिथेच होतं.

पुढची तपासणी फुग्याची. गुदाशयात छोटा फुगा ठेवून त्यात ५० मिलिलिटर पाणी भरतात आणि कमोडवर बसून तो बाहेर टाकायला सांगतात. साधारणपणे एका मिनिटात तो बाहेर यायला हवा. आतड्याचा वेग बघण्यासाठी खुणेच्या २४ कड्या असलेली कॅप्सूल गिळायला देतात आणि पाचव्या दिवशी एक्स-रे काढतात. पाचाहून जास्त कड्या आत राहिल्या असतील तर आतडं संथ आहे असं धरतात. गुदाशयातला दाब मोजायची मॅनोमेट्री ही त्यापुढची पायरी, आणि तिच्यासाठी पुण्या-मुंबईच्या पोटविकार विभागात जावं लागू शकतं. इथे शासकीय रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा ओपीडीत दाखवून चिठ्ठी घेऊन गेलात तर तिकडचा हेलपाटा वाचतो. पण बोटाची तपासणी न करता थेट पुण्याला पळू नका.

पायरी ३: दोन आठवड्यांची कोरी नोंद

उपकरण अजून विकत घेतलेलं नाही, किंवा घेतलंय पण खोक्यात बंद आहे, अशा अवस्थेत दोन आठवडे फक्त लिहायचं. शाळेची वही चालेल. रोजच्या ओळीत एवढंच: किती वाजता झालं, कसं झालं, कुंथावं लागलं का, पूर्ण मोकळं झाल्यासारखं वाटलं का, आत किती मिनिटं गेली, आणि कुठलं रेचक घेतलं होतं का.

‘कसं झालं’ यासाठी जगभर ब्रिस्टल तक्ता वापरतात. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी तो १९९७ साली प्रसिद्ध केला. त्यात सात क्रमांक आहेत. १ म्हणजे सुट्या, कडक लेंड्या. २ म्हणजे खडे एकमेकांना चिकटून झालेला ओबडधोबड लांबट मळ. ३ लांबट, पण वरून भेगाळलेला. ४ लांबट, गुळगुळीत, मऊ. ५ मऊ सुटे तुकडे. ६ लिबलिबीत. ७ पाणी. १ आणि २ म्हणजे बद्धकोष्ठता, ३ आणि ४ हे आपलं उद्दिष्ट. वाचता न येणाऱ्या माणसासाठी वहीच्या पहिल्या पानावर सात चित्रं काढून द्या आणि त्याने रोज त्यातल्या चित्रासारखी खूण करावी. एका विडी कामगार मावशींनी क्रमांकाऐवजी पेनने ठिपके काढले होते: कडक झालं की सुटे ठिपके, मऊ झालं की लांब रेघ. इतकी बोलकी वही मी क्वचित पाहिली आहे. त्या ठिपक्यांकडे बघून डॉक्टरांना एकही प्रश्न विचारावा लागला नाही.

आता सोलापूरचं म्हणून काही. शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या टंचाईच्या दिवशी माणसं, विशेषतः बायका आणि सामायिक संडास वापरणारी कुटुंबं, शौचाला जाणं टाळतात. म्हणून वहीत एक जादा रकाना ठेवा: ‘पाणी होतं का?’ तसंच हाक आली तरी दाबून ठेवली असेल तर तेही लिहा. हजाराच्या हिशोबाने विड्या वळणारी बाई हातातलं काम सोडून उठत नाही, यंत्रमागावरचा कामगार माग सोडून जात नाही, आणि अशी रोज दाबलेली हाक हळूहळू यायचीच बंद होते. हे कारण वहीत सापडलं तर तिथे कुठलंही उपकरण कामाचं नाही. कामाची वेळ आणि संडासाची सोय बदलावी लागेल. घरातल्यांनी त्या बाईला सकाळी पंधरा मिनिटं मोकळी करून द्यावी, हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

चाचणीसाठी काळही नीट निवडा. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, आषाढीची वारी, श्रावणातले उपवास, घरातलं लग्न, या काळात खाणं-झोप बदलते. साबुदाण्यावर काढलेल्या आठवड्याची ज्वारीच्या भाकरीवर काढलेल्या आठवड्याशी तुलना होत नाही. ज्वारीत १०० ग्रॅमला सुमारे १० ग्रॅम चोथा असतो, साबुदाण्यात जवळजवळ नाहीच. एप्रिल-मेमध्ये घामावाटे एवढं पाणी जातं की त्यानेच शौच कडक होतं. तेव्हा नोंद आणि चाचणी दोन्ही एकाच ऋतूत करा.

अडलंच तर काय घ्यायचं हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. उदाहरणार्थ, तीन दिवस झालं नाही तर अमुक रेचक, अमुक मात्रा. घ्या, कुढत बसू नका. पण त्यानंतरच्या २४ तासांत झालेलं शौच उपकरणाच्या खात्यावर मांडायचं नाही. वहीत त्यापुढे ‘र’ लिहायचं.

पायरी ४: कशाला ‘गुण आला’ म्हणायचं ते आधीच लिहा

वरच्या कॅप्सूलच्या चाचणीत माप असं होतं: रेचकाशिवाय झालेलं आणि पूर्ण मोकळं वाटलेलं शौच आठवड्यातून निदान एकाने वाढलं पाहिजे, आणि आठपैकी किमान सहा आठवडे तसं झालं पाहिजे. हेच माप आपण उचलू. चार आठवडे चाचणी घेणार असाल तर चारपैकी तीन आठवड्यांत एकाने वाढ. वहीत तारीख घालून लिहा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. पैसे खर्च झाल्यावर मन आपोआप उपकरणाच्या बाजूने साक्ष देतं, म्हणून हे आधीच करायचं.

मात्र उपकरणाप्रमाणे माप बदलतं. पायाखालच्या स्टुलाने शौचाची संख्या वाढेलच असं नाही. त्याचं काम कुंथणं आणि वेळ कमी करण्याचं. तिथे ‘आतली मिनिटं’ आणि ‘कुंथावं लागलं का’ हे रकाने बघा.

पायरी ५: खरेदी करताना

भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. १ एप्रिल २०२० पासून जवळपास सगळीच वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली. धोक्याप्रमाणे त्यांचे ए, बी, सी, डी असे चार वर्ग केले आहेत आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना त्यांच्यावर देखरेख ठेवते. शरीरात घालायच्या वस्तूच्या वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत हे असायला हवं. परदेशी वस्तू असेल तर आयात करणाऱ्याचं नाव आणि आयात परवाना. हे नसेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, परत द्या.

‘अमेरिकेच्या एफडीएकडे नोंदणीकृत’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. एफडीए म्हणजे तिकडची औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, पण तिच्याकडची नोंदणी म्हणजे मंजुरी नव्हे. पैसे भरून कंपनीचं नाव यादीत घालता येतं, त्यात वस्तू तपासलेली असतेच असं नाही. ‘विषारी द्रव्यं बाहेर काढतो’, ‘सात दिवसांत कायमची सुटका’ असं लिहिलेली वस्तू मी तरी कुणाला घेऊ देत नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्या, आणि खोकं उघडल्यावर परत घेणार का हे पैसे देण्याआधी विचारा. स्वच्छतेच्या कारणाने अशा वस्तू बहुधा परत घेत नाहीत.

पायरी ६: उपकरणागणिक चाचणी

*पायाखालचं स्टूल.* इथून सुरुवात करा, कारण हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निर्धोक आहे. गुदाशयाभोवती एका स्नायूचा फास असतो. आपण ताठ बसलेलो असताना तो मार्गाला बाक देऊन ठेवतो, उकिडवं बसलं की फास सैल पडतो आणि मार्ग बराचसा सरळ होतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २८ निरोगी लोकांनी वेळ लावून पाहिली: उकिडवं बसून मोकळं व्हायला सरासरी ५१ सेकंद, नेहमीच्या उंचीच्या कमोडवर १३०. अमेरिकेतल्या ओहायोत २०१९ साली ५२ जणांवर स्टुलाचा अभ्यास झाला, त्यातही कुंथणं कमी झालं आणि पोट पूर्ण साफ झाल्याची भावना वाढली. हे बहुतेक निरोगी लोक होते हे मात्र ध्यानात असू द्या.

ज्यांच्याकडे अजून भारतीय बैठकीचा संडास आहे आणि गुडघे साथ देताहेत त्यांना याची गरजच नाही. गरज आहे ती गुडघेदुखीमुळे कमोडवर गेलेल्यांना, आणि तो वर्ग आपल्याकडे मोठा आहे. विकत घ्यायच्या आधी घरातल्या पाटांवर उंची ठरवा. १७ ते २३ सेंटिमीटरच्या दरम्यान बहुतेकांचं जमतं. पाय ठेवल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर आले पाहिजेत, कोपरं मांडीवर टेकवून थोडं पुढे वाकता आलं पाहिजे आणि टाच अधांतरी राहता कामा नये. उंची ठरली की सुताराकडून करून घ्या नाहीतर तयार आणा.

मग स्टुलाचीच परीक्षा घ्या. संडासाच्या फरशीवर साबणाचं पाणी ओता, त्यावर स्टूल ठेवा आणि हाताने जोरात आडवं ढकला. सरकलं तर रबरी बूट बसवल्याशिवाय वापरायचं नाही. म्हाताऱ्या माणसाचं खुब्याचं हाड मोडण्यापेक्षा बद्धकोष्ठता परवडली. स्टूल पांढऱ्या फरशीवर उठून दिसेल अशा गडद रंगाचं घ्या. उठताना धरायला भिंतीत दांडा हवा. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी, पाय इतका दुमडला तर चालेल का, हे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्टूल वापरू नये. चाचणीचा क्रम असा: दोन आठवडे स्टुलाशिवाय, दोन आठवडे स्टुलासह, आणि जमलं तर परत दोन आठवडे स्टुलाशिवाय. काढून घेतल्यावर त्रास परतला तर गुण स्टुलाचाच.

*एनिमाची छोटी बाटली.* ही अडचणीच्या दिवसासाठी आहे, रोजच्या उपचारासाठी नाही. सोडियम फॉस्फेटच्या बाटलीबाबत विशेष सावध राहा. २४ तासांत एकाहून जास्त वापरल्यास शरीरातलं पाणी आणि क्षार बिघडून मूत्रपिंड-हृदयाला इजा होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०१४ साली दिला. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि वयस्कर माणसांना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ‘एकीने झालं नाही, अजून एक देऊ’ हा मोह रात्री दोन वाजता फार होतो. तो टाळायचाच.

*पाण्याने आतडं धुण्याचा संच.* यात शंकूच्या टोकाने किंवा फुगा असलेल्या नळीने गुदद्वारातून कोमट पाणी सोडतात आणि मग कमोडवर आतड्याचा खालचा भाग रिकामा होतो. मणक्याला इजा झालेल्यांसाठी हे वरदान आहे. २००६ साली अशा ८७ रुग्णांवरच्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीपेक्षा ते सरस ठरलं, आणि ब्रिटनच्या नाइस या संस्थेने फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याला अनुकूल मार्गदर्शन दिलं. इतर उपाय थकलेल्या जुन्या बद्धकोष्ठतेतही ते देतात. पण सगळ्यांत जास्त काळजी यातच हवी. आतड्याला छिद्र पडण्याचा धोका अगदी विरळ आहे, पण पडलं तर जिवावर बेततं.

आतडं किंवा गुदद्वार आकसलेलं असेल, आतड्याचा कॅन्सर असेल, आतड्याला सूज येण्याचा आजार उसळलेला असेल, गेल्या तीन महिन्यांत गुदद्वाराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झाली असेल, किंवा चार आठवड्यांत दुर्बिणीतून आतड्यातला कोंब (पॉलिप) काढला असेल, तर हा संच हातात घ्यायचा नाही. गरोदर बाईने तर डॉक्टरांशिवाय विचारही करू नये. आणि इतर सगळ्यांनीही पहिली वेळ घरी एकट्याने नव्हे, प्रशिक्षित माणसासमोरच करायची. किती पाणी, किती दिवसांआड, हे डॉक्टर ठरवतील.

पाणी पिण्यायोग्य हवं आणि ३६ ते ३८ अंश सेल्सिअस. कोपर बुडवून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर लावा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीतलं पाणी दुपारी नळाला एवढं कढत येतं की हात ठेववत नाही. ते थेट संचात भरलं तर आतून भाजेल. पिंपात चार दिवस साठवलेलं पाणी उकळून, झाकून निववून मगच घ्या. त्यात साबण, मीठ, लिंबू, कॉफी काहीही घालायचं नाही.

वापरण्याआधी नळीचा फुगा बाहेरच फुगवून बघा: एका बाजूला फुगवटा येतोय का, हवा गळतेय का. वंगण लावा, जोर लावू नका, अडलं की थांबा. एकदाच वापरायची नळी धुऊन परत वापरण्याचा मोह पैशांमुळे होतो हे मला ठाऊक आहे, तरी तो करू नका. त्यापेक्षा दोन दिवसांआड वापरून चालेल का ते डॉक्टरांना विचारा. अचानक तीव्र पोटदुखी, न थांबणारं रक्त, नंतर ताप किंवा थंडी वाजणं, यातलं काही झालं तर संच बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय. या पद्धतीचा जम बसायला ४ ते १२ आठवडे लागतात, म्हणून इथे चार आठवड्यांत निकाल लावू नका.

*पोटाचे पट्टे आणि पॅड.* आधी हाताने चोळून पाहा. उजव्या जांघेच्या वरून सुरुवात, बरगड्यांपर्यंत वर, मग आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली. मोठं आतडं याच वाटेने जातं. रोज पंधरा मिनिटं, चार आठवडे. ही फुकटची चाचणी आधी झाली पाहिजे, कारण यंत्राने निदान हातापेक्षा जास्त काहीतरी द्यायला हवं. वजन उतरवायचा म्हणून विकला जाणारा कंपनाचा पट्टा बद्धकोष्ठतेचं उपकरण नव्हे. गरोदर बायकांनी, हर्निया असलेल्यांनी, पोटाची नुकती शस्त्रक्रिया झालेल्यांनी यापासून दूर राहावं, आणि पेसमेकर असलेल्यांनी विजेच्या पॅडला हातही लावू नये.

*थरथरणारी कॅप्सूल.* तिला अमेरिकेत ऑगस्ट २०२२ मध्ये परवानगी मिळाली. गिळल्यावर ती मोठ्या आतड्यात पोचून ठरल्या वेळी थरथरते आणि शौचावाटे बाहेर पडते. चाचणीत ती आठवड्यातून पाच दिवस, आठ आठवडे दिली होती. आतड्यात पूर्वी अडथळा आला असेल किंवा गिळायला त्रास असेल तर ती नको. कॅप्सूल बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करता येत नाही. भारतातला आयात परवाना वेष्टनावर दिसल्याशिवाय परदेशातून परस्पर मागवू नका.

*बायोफीडबॅक.* दार न उघडण्याचा त्रास निदानात निघाला असेल तर बाकी सगळ्याआधी हेच शोधा. २००६ साली १०९ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांनी बायोफीडबॅकवाल्यांपैकी ८० टक्के लोकांना मोठी सुधारणा दिसली, नियमित रेचक घेणाऱ्यांत २२ टक्के. यासाठी पुण्याला काही फेऱ्या पडल्या तरी त्या वसूल होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

पायरी ७: चाचणीचे दिवस

एका वेळी एकच बदल. स्टूल आणलं त्याच दिवशी इसबगोलही सुरू केलं तर गुण कुणाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. चालू औषधं, जेवण, पाणी सगळं आधीच्या दोन आठवड्यांसारखं ठेवा. वेळ सकाळच्या चहा-नाश्त्यानंतरची, कारण पोटात अन्न पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं. दहा मिनिटांहून जास्त बसायचं नाही आणि मोबाइल बाहेर ठेवायचा.

पायरी ८: वही वाचणं

समजा, कोऱ्या नोंदीच्या दोन आठवड्यांत ‘रेचकाशिवाय आणि पूर्ण’ अशी शौचं १ आणि २ झाली. सरासरी दीड. म्हणजे उद्दिष्ट आठवड्याला अडीच, व्यवहारात तीन. चाचणीचे चार आठवडे जर २, ३, ३, ३ असे गेले आणि उपकरण थांबवल्यावर २, १ वर आले, तर ठेवा ते उपकरण, पैसे सार्थकी लागले. आणि चार आठवडे जर ४, २, १, २ असे गेले? पहिल्या आठवड्याचे चार बघून हुरळून गेलेले फार लोक असतात. तो नव्या वस्तूचा उत्साह. पुढचे तीन आठवडे खरे.

संख्या वाढली पण क्रमांक ६-७ यायला लागला, रात्री अंथरुणात गळायला लागलं, तर तेही अपयशच. आणि माणूस जर म्हणाला, ‘आकडा तोच आहे, पण आता सकाळी धास्ती वाटत नाही’, तर ते वहीत त्याच्या शब्दांत लिहा. डॉक्टरांना तेही कळायला हवं.

पायरी ९: कुणी चाचणीत भाग घ्या म्हणालं तर

एखाद्या रुग्णालयात नव्या उपकरणाच्या संशोधनात सहभागी व्हा असं विचारलं तर घाबरू नका, पण विचारा. भारतात १५ जून २००९ पासून औषधांच्या आणि उपकरणांच्या चाचण्यांची ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ या सरकारी नोंदवहीत नोंद करावी लागते. तिचा क्रमांक मागा, तो इंटरनेटवर पडताळता येतो. नीतिशास्त्र समितीची मंजुरी आहे का, इजा झाली तर उपचार आणि भरपाई कोण देणार, मधेच सोडता येईल का, हे विचारा. संमतीपत्र तुम्हाला वाचता येईल त्या भाषेत हवं, मराठी, कन्नड किंवा तेलुगू. घरी नेऊन वाचतो म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. सही केलेल्या कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा.

पायरी १०: इजा झाली तर

फुगा आत फुटला, नळीचं टोक तुटलं, पॅडने कातडी भाजली, तर आधी उपचार. पण ती वस्तू रागाने कचऱ्यात टाकू नका. धुवायचीही नाही. तशीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, वेष्टन आणि बिल सोबत ठेवा, बॅच क्रमांकाचा फोटो काढा. उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद घेण्यासाठी २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे, त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगात आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण किंवा नातेवाईक स्वतः कळवू शकतात, डॉक्टरच लागतो असं नाही. फोन करताना उपकरणाचं नाव, बॅच क्रमांक, कधी वापरलं, काय झालं आणि आता रुग्ण कसा आहे, एवढं समोर लिहून ठेवा.